घरातल्या सामानाचा विमा नेमका कुठे मिळतो? विमा नियामकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

महोदय,

मी चिपळूणला भाड्याच्या घरात राहते आणि एका पतसंस्थेत काउंटरवर बसते. विमा विकणे हे माझे काम नाही. पण मे महिना उतरणीला लागला की आवर्त ठेवीचा हप्ता भरायला आलेली माणसे पासबुक पुढे सरकवता सरकवता विचारतात, "घरातल्या सामानाचा विमा निघतो का हो? निघत असेल तर कुठे?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता येते. दुसऱ्याचे उत्तर आपल्याकडून हवे आहे, म्हणून हे पत्र.

२२ जुलै २०२१ ला मुसळधार पावसाने वाशिष्ठी नदी गावात शिरली. चिपळूणला पूर नवा नाही, २६ जुलै २००५ चा पूर इथल्या शेंबड्या पोरालाही ऐकून पाठ आहे. तरी २०२१ चे पाणी वेगळे होते. बाजारपेठ, चिंचनाका, वडनाका या भागांत तळमजले दिसेनासे झाले. पाणी उतरल्यावर घरे बहुतेक उभी होती. आतले मात्र काही धड राहिले नव्हते. फ्रिज तरंगतो, हे त्या दिवशी पुष्कळांना प्रथमच कळले. तो तरंगत जाऊन दारात आडवा अडकतो आणि मग दार उघडत नाही. प्लायवूडचे कपाट फुगून त्याचे पापुद्रे सुटतात. कापसाची गादी चिखल पिऊन इतकी जड होते की दोघांना उचलत नाही. वॉशिंग मशीनच्या मोटरीत, मिक्सरच्या भांड्यात, देवघराच्या खणात, सगळीकडे तोच लालसर गाळ. आठवडाभर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संसारांचे ढीग पडले होते आणि जेसीबी ते भरून नेत होते.

घरमालकांनी पुढे भिंती धुतल्या, रंग काढला, वायरिंग बदलले. भाडेकरूला बदलायला भिंती नव्हत्याच. त्याचे जे काही होते ते त्या ढिगात गेले. आमच्याकडे भाड्याने कोण राहतो, तेही सांगते. शाळेतले शिक्षक, एसटीचे कर्मचारी, लोट्याच्या एमआयडीसीत पाळीला जाणारे कामगार, बँकेत बदलून आलेले. अकरा महिन्यांचा करार, दोन खोल्या आणि तीन-चार लाखांचे सामान. त्यातले अर्धे हप्त्यावर घेतलेले. फ्रिज वाहून गेला म्हणून त्याचा हप्ता थांबत नाही.

सरकारची मदत येते. आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत कपड्यांसाठी कुटुंबाला २,५०० रुपये आणि भांडी व घरगुती सामानासाठी २,५०० रुपये ठेवले होते, तेही घर वाहून गेले, पूर्ण पडले किंवा दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखाली राहिले तर. राज्य सरकार कधी वर भर घालते, २०२१ ला १०,००० रुपये दिले. ही मदत आहे, भरपाई नाही, आणि तलाठ्याशी त्यावरून भांडण्यात अर्थ नाही हे आम्हाला समजते. म्हणूनच आमची माणसे विम्याचे विचारतात.

आता आपले कौतुक करते, आणि ते मनापासून आहे. १ एप्रिल २०२१ पासून आपण सर्व सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी विकणे बंधनकारक केले. चिपळूण बुडाले ते त्यानंतर चार महिन्यांच्या आत. ही पॉलिसी मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आहे. आग, भूकंप, वादळ, पूर, दरड, दंगल, पाण्याची टाकी फुटणे, सगळे तिच्यात आहे. क्षेपणास्त्राच्या चाचणीत घराला धक्का लागला तरी भरपाई आहे, जे चिपळूणकरांना ऐकून फार बरे वाटते. नुसत्या घराची, नुसत्या सामानाची किंवा दोन्हींची, अशी कशीही ती घेता येते. म्हणजे कागदावर भाडेकरू तिच्यात आहे.

तिच्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट कुणी सांगतच नाही. पूर्वी चार लाखांच्या सामानाचा विमा दोन लाखांचाच काढलेला असेल आणि नुकसान एक लाखाचे झाले, तर कंपनी म्हणायची, तुम्ही निम्माच विमा काढला होता, तेव्हा निम्मेच घ्या. हातात पन्नास हजार. 'भारत गृह रक्षा'मध्ये आपण ही कात्री काढून टाकली. दोन लाखांचा विमा असेल तर दोन लाखांच्या मर्यादेत झालेले नुकसान मिळते. ज्याला पूर्ण सामानाचा विमा परवडत नाही त्याने अर्ध्याचा काढला तरी तो फसत नाही. गरीब माणसाच्या दृष्टीने यापेक्षा मोठी सुधारणा नाही. आणि सामानापुरत्या विम्याचा वर्षाचा हप्ताही शेकड्यांत मोजण्याइतकाच असतो.

इतकी चांगली आणि इतकी स्वस्त वस्तू दुकानात का मिळत नाही, हे मी माझ्या परीने शोधून पाहिले.

आधी एजंटकडे गेले. ओळखीचे, प्रामाणिक गृहस्थ. त्यांनी चहा पाजला आणि गाडीचा विमा संपत आलाय का ते विचारले. सामानाच्या विम्याचा विषय काढल्यावर म्हणाले, "ताई, त्यात काही नाही हो." काही नाही म्हणजे त्यांच्यासाठी काही नाही. हिशेब सोपा आहे. समजा पॉलिसी पाचशे रुपयांची आहे आणि कमिशन पंधरा टक्के आहे, तर एजंटला सुटतात पंचाहत्तर रुपये. त्यासाठी त्याने खेंडीला माझ्या घरी यायचे, फॉर्म भरून घ्यायचा, फोटो काढायचे, आणि पूर आला की वर्षभर माझे फोन घ्यायचे. मी त्याच्या जागी असते तर मीही गाडीचाच विमा विकला असता. कमिशनवरची जुनी टक्केवारीची बंधने आपण २०२३ मध्ये सैल करून कंपन्यांच्या हाती दिली. पण छोट्या हप्त्याची कुठलीही टक्केवारी छोटीच राहणार. पॉलिसीमागे ठरावीक रक्कम दिली तरच कुणी ती हातात घेईल.

मग एका कंपनीच्या शाखेत गेले. तिथल्या साहेबांनी पत्ता विचारला. चिपळूण म्हटल्यावर "बघून सांगतो" म्हणाले. अजून बघत असावेत. इथे एक शंका मनात येते ती लिहूनच टाकते. पूररेषेतल्या पत्त्याला कंपनी तोंडावर नकार देत नाही. तिला दर वाढवायचा असेल तर वाढवू दे, त्याला निदान एक आकडा असतो. पण नुसते घोळवत ठेवले की नकाराची कुठे नोंद होत नाही आणि आपल्याकडे तक्रारही पोहोचत नाही. आमच्याकडे पुराचे पाणी कुठवर येते ते दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल रेषा नकाशावर आखलेल्या आहेत, बांधकामाच्या परवानगीवरून त्यांच्यावर रोज भांडणे होतात. विम्याच्या बाबतीत त्या रेषेच्या आत नेमका काय दर आहे, हे मात्र कुणी तोंडी सांगत नाही, छापणे तर दूरच.

मोबाइलवर पाहिले. तिथे आधी घराचे क्षेत्रफळ विचारतात, मग बांधकामाचे वर्ष, मग बांधकामाचा खर्च. मी भाडेकरू, मला काय ठाऊक? काही ठिकाणी 'मी भाडेकरू आहे' असे बटण असते हे खरे. ते दाबल्यावर पुढे सगळा मजकूर इंग्रजीत, आणि प्रश्न पडला तर चॅटची एक चौकट उघडते जी आपल्याशी गोड बोलते आणि उत्तर देत नाही. आमच्या खातेदार बायका मोबाइलवर पैसे पाठवतात, रेल्वेचे तिकीट काढतात. त्या अडाणी नाहीत. पण न पाहिलेल्या कंपनीला, न कळणाऱ्या भाषेत, पुढच्या वर्षी येईल की नाही अशा पुरासाठी पैसे देताना कुणीही समोर माणूस शोधणारच.

बँकांचे वेगळेच. गृहकर्ज देताना बँक विमा घ्यायला लावते, पण तिचे लक्ष तिच्या तारणावर, म्हणजे इमारतीवर. 'भारत गृह रक्षा' घर आणि सामान अशी दोन्हींची घेतली, तर घराच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, इतके संरक्षण घरातल्या सर्वसाधारण सामानाला आपोआप मिळते, त्यासाठी यादी द्यावी लागत नाही. म्हणजे ३० लाखांच्या घराला ६ लाखांचे सामान. फॉर्मवर नुसत्या इमारतीच्या चौकटीत खूण झाली की हे गेले. ती खूण बहुतेकदा कर्ज विभागातला माणूस करतो, कर्जदार फक्त जिथे पेन्सिलने फुली मारलेली असते तिथे सह्या करतो. कर्जदाराला आपण काय नाकारले याचा पत्ताही नसतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांचेही तेच. सोसायटीने काढलेला विमा इमारतीचा असतो, आपल्या फ्लॅटमधल्या टीव्हीचा नसतो, आणि निम्म्या सभासदांना वाटते की मेंटेनन्समध्ये तोही आला.

आता क्लेमविषयी. पुरात बिले आधी जातात. ती ज्या फाइलमध्ये असतात ती फाइल कपाटात, कपाट पाण्यात. त्यावर नुकसान तपासायला आलेला कंपनीचा सर्वेअर विचारतो, फ्रिजचे बिल? त्यातल्या पुष्कळ वस्तू लग्नात आलेल्या असतात, मामाने दिलेल्या कपाटाचे बिल मामाकडेही नसते. जून २०२४ च्या आपल्या परिपत्रकात कागदपत्रे नाहीत म्हणून क्लेम नाकारू नये, लागतील ते कागद पॉलिसी देतानाच मागून घ्यावेत, असे आहे. उत्तम. मग पॉलिसी देताना नेमके काय मागायचे तेही आपणच ठरवून द्या. माझे म्हणणे इतकेच आहे की खोलीखोलीतून मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करून घ्यावे, ते कंपनीने स्वतःकडे ठेवावे आणि तोच पुरावा मानावा. पुराच्या काळात, एका ठरावीक रकमेपर्यंत, बिल मागूच नये. पंचनाम्यात घर पाण्याखाली गेल्याची नोंद असेल आणि चित्रणात फ्रिज दिसत असेल, तर तो फ्रिज भिजला होता हे सिद्ध करायला आणखी काय लागते?

चोरीबाबतचा गोंधळही कुणीतरी दूर करायला हवा. लोकांना वाटते घराचा विमा म्हणजे चोरीचा विमा. या पॉलिसीत मूळ संरक्षण आहे ते पूर-आगीसारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीचे. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे जादा संरक्षण घ्यावे लागते. दागिन्यांचेही वेगळे, रोख रक्कम तर नाहीच. ज्यांच्या दुकानाच्या मागेच घर आहे, आणि आमच्या बाजारपेठेत ते नेहमीचे आहे, त्यांच्या दुकानातल्या मालाला 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' ही दुसरी पॉलिसी लागते. हे सगळे मराठीत एका पानावर छापून दिले तर शंभरातल्या ऐंशी तक्रारी जन्मालाच येणार नाहीत, असा माझा काउंटरवरचा अंदाज आहे.

छोटा विमा लोकांपर्यंत पोहोचतच नाही, असे म्हणायलाही जागा नाही. गॅसचे जोडणीपुस्तक ज्याच्या घरात आहे त्याला तेल कंपन्यांनी काढलेल्या सामूहिक विम्याचे संरक्षण असते. गॅसच्या अपघातात नोंदणीकृत पत्त्यावरच्या मालमत्तेचे नुकसान झाले तर घटनेमागे २ लाखांपर्यंत, आणि ग्राहकाला त्यासाठी वेगळा हप्ता नाही. अपघात विमा २० रुपयांत बँकेच्या खात्यातून वर्षाला आपोआप कापला जातो. राज्यात २०२३ पासून पीक विमा एक रुपयात होता तेव्हा सेवा केंद्रांपुढे रांगा लागल्या होत्या. त्यात बोगस अर्जही भरपूर निघाले आणि २०२५ च्या खरिपापासून ती योजना बंद झाली, तेव्हा मी फुकट वाटा असे अजिबात म्हणत नाही. पाचशे रुपये आम्ही देऊ. ते द्यायचे कुठे, इतकाच प्रश्न आहे.

ब्रिटनमध्ये अनेक नगर परिषदा आणि गृहनिर्माण संस्था आपल्या भाडेकरूंना सामानाचा विमा देतात. हप्ता घरभाड्याबरोबर, आठवड्याला किंवा महिन्याला, थोडाथोडा भरायचा. पुष्कळ योजनांत क्लेममधून सुरुवातीचा हिस्सा कापत नाहीत. घरमालक तिथे एक मोठी संस्था असते म्हणून ते जमते, इथे घरमालक म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका. पण थोडेथोडे पैसे नियमित गोळा करणारी संस्था आपल्याकडेही आहेच. पतसंस्था आहे, बचत गट आहेत, गॅस एजन्सी आहे, विजेचे बिल आहे. सूक्ष्म विम्याच्या आपल्या २०१५ च्या नियमांत घर आणि सामानाचे नाव होते, आणि असा विमा बचत गट व सहकारी संस्थांमार्फत विकण्याची सोयही होती. आमच्या काउंटरवर आजवर कुठल्याही कंपनीचा माणूस हे घेऊन आलेला नाही. ठेवींवर आयुर्विमा जोडून द्या म्हणून मात्र येतात, कॅलेंडर घेऊन येतात.

बिमा सुगम (विम्याची ऑनलाइन बाजारपेठ), बिमा विस्तार आणि बिमा वाहक (गावोगाव विमा विकणारी माणसे) या आपल्या तीन योजनांविषयी वाचत असते. बिमा विस्तारमध्ये आयुष्य, आरोग्य, अपघात आणि मालमत्ता एकाच छोट्या पॉलिसीत बसवण्याची कल्पना आहे, ती चांगलीच आहे. पण चौघे भाऊ एका ताटात बसले की धाकट्याला काय उरते ते आपण जाणता. त्यातला मालमत्तेचा भाग किती रकमेचा आणि त्यात भाडेकरूचे सामान बसते का, हे ठळक अक्षरांत असू द्या. बिमा वाहक ग्रामपंचायतीगणिक नेमायचे आहेत. चिपळूण, महाड, खेड या नगर परिषदा आहेत, ग्रामपंचायती नाहीत. नदीकाठच्या गावांत जिथे सर्वाधिक घरे पाण्याखाली जातात तिथेच वाहक नसेल, तर त्याचाही विचार व्हावा.

मागण्या आता एका दमात सांगते. सामानापुरती, भाडेकरूलाही चालेल अशी १, २ आणि ३ लाखांची ठरावीक पॉलिसी, राज्याच्या भाषेत, हप्ता छापील. पूररेषेच्या आत दर वेगळा असेल तर तोही छापील. विक्रेत्याला पॉलिसीमागे ठरावीक मेहनताना. गृहकर्जाबरोबरच्या फॉर्मवर 'घर आणि सामान' ही खूण आधीच केलेली असावी, ज्याला सामान नको त्याने स्वतःच्या हाताने खोडावी. पतसंस्था आणि बचत गटांना सभासदांची सामूहिक पॉलिसी घेता यावी. आणि नुसत्या सामानाच्या किती पॉलिसी कुठल्या जिल्ह्यात गेल्या, किती क्लेम आले, किती दिले, किती दिवसांत दिले, याचे आकडे दरवर्षी जिल्हावार जाहीर करा. आकडे आले की रत्नागिरी जिल्ह्यापुढे काय लिहिलेले असेल ते मी आजच सांगू शकते, पण ते आपल्या शिक्क्यानिशी आले तर कंपन्या ऐकतील.

जीएसटी आपल्या हातात नाही हे मला माहीत आहे. पण वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला आणि घरातल्या सामानाच्या विम्यावर तो १८ टक्के तसाच राहिला, हे जीएसटी परिषदेच्या कानावर घालायला आपल्याइतके योग्य कुणी नाही. पाचशेवर नव्वद रुपये कर म्हणजे विक्रेत्याच्या कमिशनपेक्षा जास्त.

शेवटी एक छोटे काम. चिपळूणमध्ये राहणाऱ्या भाडेकरूला तीन लाखांच्या सामानाचा विमा आज कुठल्या कंपनीच्या कुठल्या शाखेत मिळेल, करासह किती रुपयांत, आणि कोणते कागद घेऊन जायचे, एवढे जूनच्या आधी कळवावे. पत्र पतसंस्थेच्या नोटीस बोर्डावर लावण्याची जबाबदारी माझी. बोर्ड रस्त्यावरून दिसतो.

आपली,
चिपळूणमधील एक भाडेकरू